मातीचे रंग करणारे आचार्य : जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर

आपल्या डहाणू-तलासरीच्या मुलखात लग्नघर ओळखण्यास मांडव शोधावा लागत नाही; घराची भिंत पाहिली म्हणजे पुरे होते. कारवीच्या कुडाला शेणमातीने लिंपून त्यावर गेरूचा हात फिरविलेला असतो, आणि त्या तांबड्या भूमीवर सुवासिनींनी पांढऱ्या रेघांनी लग्नाचा चौक लिहिलेला असतो. त्या लेखनास लागणारा रंग कोणी दुकानातून आणीत नाही. तांदूळ भिजवून पाट्यावर बारीक वाटावे, बेताचे पाणी घालावे, रंग धरून राहावा म्हणून थोडा डिंक मिसळावा, बांबूच्या काडीचे टोक दातांनी चावून तिचा कुंचला करावा, की सर्व सिद्धता झाली. लागेल तेवढाच रंग करावयाचा आणि केला तेवढा भिंतीवर संपवावयाचा, अशी ही रीत. तिचा हिशेब आज्या-पणज्यांच्या हातात आहे. कागदावर तो फारसा कोणी उतरविलेला नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. चित्रकलेच्या तासास एक मुलगा रंगांच्या पेटीवाचून आला. आम्ही त्यास चार शब्द बोललो, व तो खाली मान घालून तासभर बसून राहिला. पुढे काही कामानिमित्त त्याच्या पाड्यावर जाणे झाले. त्याच्या घरी नुकतेच लग्न होऊन गेले होते, आणि भिंतीवर त्याच्या आजीच्या हातचा चौक ताजा होता. घोडे, झाडे, तारपा वाजविणारा, हातात हात गुंफून नाचणारी माणसे, सारे त्या एका पांढऱ्या रंगात जिवंत झाले होते. ज्या घरात रंग घडविले जातात, त्या घरच्या मुलास रंग नाहीत म्हणून आम्ही खाली मान घालावयास लावली, हे त्या भिंतीपुढे उभे राहिल्यावर आमच्या ध्यानी आले, आणि आम्हास आपल्या शब्दांची लाज वाटली. त्या दिवशी घरी परतताना ज्या थोर पुरुषाचे स्मरण झाले, त्याचे चरित्र आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव मराठी वाचकांस नवे नाही. श्रीमती वीणा गवाणकर यांनी १९८१ साली लिहिलेल्या एक होता कार्व्हर या पुस्तकाने ते महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले आहे. परंतु पुष्कळांस कार्व्हर म्हटले की भुईमूग तेवढा आठवतो. ते चित्रकार होते, आणि पायाखालच्या मातीतून रंग काढून ते गरिबांच्या भिंतीस देणारे कारागीरही होते, ही गोष्ट मागे पडली आहे. तीच येथे विस्ताराने सांगावयाची आहे.

अमेरिकेतील मिसूरी संस्थानात डायमंड ग्रोव्ह नावाचे लहानसे खेडे होते. तेथील मोझेस कार्व्हर या शेतकऱ्याच्या पदरी मेरी नावाची एक गुलाम स्त्री होती. १८६४ च्या सुमारास तिच्या पोटी जॉर्जचा जन्म झाला. गुलामाच्या मुलाची जन्मतिथी कोण लिहून ठेवणार? म्हणून नक्की दिवस कोणास ठाऊक नाही. त्या वेळी त्या देशात यादवी युद्ध पेटलेले होते. एके रात्री दरोडेखोरांची टोळी आली आणि मेरीस तिच्या तान्ह्या बाळासह पळवून घेऊन गेली. मोझेसने त्यांच्या शोधार्थ माणूस धाडला. त्यास आई सापडली नाही. डांग्या खोकल्याने अर्धमेले झालेले मूल मात्र परत मिळाले, आणि त्याच्या मोबदल्यात मोझेसने आपला एक उमदा घोडा दिला, असे सांगतात. एका मनुष्यजीवाची किंमत एक घोडा! पुढे ज्याने आपल्या कामाची किंमत मागण्याचे बहुधा टाळले, त्या पुरुषाच्या आयुष्याचा आरंभ असा सौद्याने झाला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

युद्ध संपून १८६५ साली गुलामगिरी नष्ट झाली. मोझेस व त्याची पत्नी सूझन यांनी जॉर्ज व त्याचा थोरला भाऊ जिम यांचा सांभाळ केला. जॉर्जची प्रकृती तोळामासा. शेतीची जड कामे त्याच्याने होत ना. म्हणून तो सूझनबाईंच्या हाताखाली स्वयंपाक, धुणे, शिवण ही कामे शिकला, आणि उरलेला वेळ रानात घालवू लागला. कोणाचे रोप सुकले तर तो त्याची माती बदली, त्यास सावलीत नेई, आणि ते पुन्हा टवटवीत करी. त्यामुळे आसपासचे लोक त्या पोरास झाडांचा वैद्य म्हणू लागले.

याच रानात त्यास चित्रांचा नाद लागला. एका घरी भिंतीवर टांगलेली चित्रे त्याने पाहिली, आणि आपणही अशी काढावी असे त्याच्या मनाने घेतले. पण कागद, कुंचला व रंग यांपैकी त्याजपाशी काहीच नव्हते. तेव्हा त्याने रानफळांचा रस पिळला, मुळ्या ठेचल्या, साली भिजविल्या, आणि त्यांतून निघालेल्या रंगांनी फळ्यांवर, पत्र्यांच्या तुकड्यांवर, सपाट दगडांवर चित्रे काढण्यास आरंभ केला. कोणता रस उन्हात उडून जातो व कोणता टिकतो, हे त्यास कोणी शिकविले नाही. चुकत चुकत तो ते स्वतःच शिकला. पुढे जे मोठे काम त्याच्या हातून झाले, त्याचे बीज येथे रुजले.

गोऱ्या मुलांच्या शाळेत त्यास प्रवेश नव्हता. म्हणून वयाच्या बारा-तेराव्या वर्षी तो घर सोडून निओशो या गावी कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेसाठी एकटाच निघाला. तेथे मरायाबाई वॉटकिन्स नावाच्या एका श्रद्धाळू सुईणीने त्यास आश्रय दिला. तिला वनौषधींचे चांगले ज्ञान होते. तिने त्यास घरात घेतले, कामास लावले, शाळेत धाडले, आणि एक पवित्र शास्त्र भेट दिले. ते शास्त्र त्याने मरेपर्यंत जवळ बाळगले.

तेथून पुढे दहा-बारा वर्षे तो कॅन्सस संस्थानात गावोगाव फिरला. कोठे आचारी, कोठे धोबी, कोठे शेतमजूर अशी कामे करून तो शाळेची फी भरी. फोर्ट स्कॉट या गावी १८७९ साली त्याने एका कृष्णवर्णीय माणसास जमावाने भर रस्त्यात ठार मारलेले पाहिले. त्या रात्रीच त्याने ते गाव सोडले. परंतु त्या दृश्याने आयुष्यभर त्याचा पिच्छा सोडला नाही. पुढे हायलंड येथील महाविद्यालयाने पत्रद्वारे त्याचा प्रवेश मान्य केला. तो आनंदाने तेथे जाऊन उभा राहिला, तो त्याचा वर्ण पाहून त्यास दारातूनच परत पाठविण्यात आले. विद्यार्थी मित्रहो, अशा प्रसंगी मनुष्य एक तर कडवट होतो किंवा खचतो. जॉर्जने पुन्हा धुण्याचे टोपले उचलले आणि वाट पाहिली.

अखेर १८९० साली आयोवा संस्थानातील सिम्पसन महाविद्यालयाने त्यास घेतले. फी भरल्यावर त्याजपाशी दहा सेंट उरले. पाच सेंटचे मक्याचे पीठ व पाच सेंटची चरबी आणून त्यावर त्याने पहिला आठवडा काढला, आणि मग सहाध्यायांचे कपडे धुऊन तो आपला चरितार्थ चालवू लागला. येथे त्याने चित्रकला हा विषय घेतला. एटा बड या त्याच्या शिक्षिका होत्या. कृष्णवर्णीय तरुणाचे चित्रकलेवर पोट भरणार कसे, ही चिंता त्यांस पडली. त्यांचे वडील एम्स येथील कृषी महाविद्यालयात उद्यानविद्येचे अध्यापक होते. शिष्याची फुलझाडांची चित्रे पाहून त्यांनी त्यास तेथे जाऊन शेतकीशास्त्र शिकण्याचा सल्ला दिला. आपल्या आवडीचा कुंचला बाजूस ठेवणे त्यास फार जड गेले. परंतु आपल्या बांधवांस चित्रांपेक्षा आधी भाकरी हवी आहे, हे त्यास पटले, आणि १८९१ साली तो एम्स येथे दाखल झाला. तेथे १८९४ साली त्याने पदवी व १८९६ साली उच्च पदवी संपादन केली. त्या संस्थेचा तो पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी, आणि पुढे पहिला कृष्णवर्णीय अध्यापक झाला.

कुंचला मात्र सर्वस्वी सुटला नव्हता. निवडुंग व युक्का यांचे त्याने काढलेले चित्र १८९३ साली शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात मांडले गेले आणि त्यास सन्माननीय उल्लेख मिळाला. ज्याने लहानपणी पत्र्याच्या तुकड्यावर फळांच्या रसाने रंगविले, त्याचे चित्र आता जगापुढे टांगले गेले होते.

१८९६ साली त्याच्या जीवनास निर्णायक वळण लागले. बुकर टी. वॉशिंग्टन हे स्वतः गुलामगिरीत जन्मलेले थोर शिक्षक. अलाबामा संस्थानातील टस्कीगी येथे १८८१ सालापासून त्यांनी मुक्त झालेल्या गुलामांच्या मुलांसाठी शाळा चालविली होती. त्यांनी कार्व्हर यांस बोलाविले. एम्स येथे मान होता, सोय होती, उत्तम प्रयोगशाळा होती. टस्कीगीस यांपैकी काही नव्हते. तरी कार्व्हर गेले, आणि शेवटच्या श्वासापर्यंत तेथेच राहिले. प्रयोगशाळेस साहित्य नव्हते म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांसह उकिरडे धुंडाळले. फुटक्या बाटल्या, जुनी भांडी, तारांचे तुकडे, जे मिळेल ते धुऊन पुसून त्यांतून उपकरणे उभी केली.

टस्कीगीच्या आसपासच्या टेकड्यांवर तांबडी, पिवळी, पांढरी अशी नाना प्रकारची माती उघडी पडलेली असे. सतत कापूस पिकविल्याने जमीन निकस झालेली, पावसाने धुपलेली; शेतकऱ्यास ती माती म्हणजे दारिद्र्याची खूण वाटे. कार्व्हर यांच्यातील चित्रकारास तीत रंग दिसले. शेतकऱ्यांच्या झोपड्या तर फळ्यांच्या, न रंगविलेल्या, आतून धुराने काळवंडलेल्या. तेलरंग विकत घेण्याची ऐपत दूरच राहो, चुन्यासाठीही पदरचे पैसे घालावे लागत. रोज सकाळी ज्या भिंतीकडे पाहून डोळे उघडावयाचे ती भिंतच जर उदास असेल, तर माणसाच्या मनाला उभारी कोठून येणार? घर सुंदर असणे ही श्रीमंतांची मिजास नसून ती गरिबाचीही भूक आहे, अशी त्यांची दृढ समजूत होती.

त्यांनी निरनिराळ्या खाणींतील माती आणून तिचे रंग केले. १९११ साली टस्कीगीच्या प्रयोगकेंद्राने त्यांची २१ वी पत्रिका छापली. तिचा विषय परगण्यातील मातीने घरांच्या भिंती पांढऱ्या व रंगीत कशा कराव्या हा होता. शास्त्रीय ग्रंथ वाचू न शकणाऱ्या शेतकऱ्यास आपल्या आवारात करता येईल, अशीच रीत त्यांस हवी होती.

मातीपासून रंग करण्याची मूळ रीत साऱ्या जगात जुनी आहे, व ती विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखी आहे. माती भरपूर पाण्यात कालवून ढवळावी. वाळू व खडे जड असल्यामुळे लवकर तळाशी बसतात. मग वरचे गढूळ पाणी हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओतावे आणि ते निवू द्यावे. तळाशी जो लोण्यासारखा मऊ गाळ बसतो तोच रंग. तो वाळवून खलात खलावा. जितका खल अधिक, तितका रंग मुलायम. मातीचा पिवळा किंवा तांबडा वर्ण तिच्यातील लोहामुळे येतो. पिवडी विस्तवावर भाजली तर तिच्यातील पाण्याचा अंश जातो आणि ती तांबडी होते, म्हणजे एकाच मातीतून दोन रंग मिळतात. परंतु नुसती पूड भिंतीस धरून राहत नाही. तिला काही चिकट पदार्थाची जोड लागते. पाण्याच्या रंगास डिंक किंवा सरस, तेलाच्या रंगास जवसाचे तेल, आणि आपल्या वारली भिंतीवर तांदळाच्या पिठाचा स्वतःचा चिकटपणा व डिंक. रंगपूड, चिकट पदार्थ आणि खल, या तिहींत जगातील सर्व रंगांचे शास्त्र सामावले आहे, मग तो पॅरिसच्या चित्रकाराचा असो वा आपल्या पाड्यावरील आजीचा.

कार्व्हर स्वतःची चित्रेही याच मातीच्या रंगांनी काढीत, आणि कधी कुंचल्याऐवजी बोटांनीच रंगवीत. चित्रशाळेत ठेवावयाचा रंग आणि झोपडीस द्यावयाचा रंग, हे त्यांच्या लेखी एकाच टेकडीचे दोन हप्ते होते.

आता विक्रीची कथा. रंग इतका स्वस्त व सुंदर होतो, तर तो डब्यात भरून विकावा, असे कोणास वाटणार नाही? १९२३ साली काही हितचिंतकांनी अटलांटा शहरी कार्व्हर यांच्या नावे एक कंपनी काढली. त्यांच्या शोधांचे हक्क नोंदवून माल बाजारात आणावा, असा बेत होता. त्याप्रमाणे त्यांस आयुष्यात एकूण तीन हक्कपत्रे मिळाली. पहिले १९२५ साली सौंदर्यप्रसाधनाचे; उरलेली दोन, १९२५ व १९२७ सालची, रंग करण्याच्या कृतींची. मातीवर तेजाब व लोखंड यांची प्रक्रिया करून तिच्यातून रंग सिद्ध करण्याची ती कृती होती. परंतु कंपनी भरभराटीस आली नाही. पुरेसे भांडवल जमले नाही, आणि कार्व्हर यांचा जीवही व्यापारात रमेना. शिवाय व्यापारास जे लागते ते मातीच्या रंगात सहज मिळत नाही. या खाणीची माती त्या खाणीच्या मातीसारखी नसते, आणि गिऱ्हाइकास तर प्रत्येक डबा पहिल्यासारखाच हवा असतो. थोडा थोडा रंग हाताने करणाऱ्या जगातील सर्व कारागिरांपुढे हीच अडचण उभी राहते. त्यांस एक तर आपला रंग कारखान्याच्या मापात बसवावा लागतो, किंवा प्रत्येक खेपेचा रंग निराळा असणे हाच त्याचा गुण आहे असे गिऱ्हाइकास समजावून सांगावे लागते.

कार्व्हर यांनी या दोहोंपैकी काहीच केले नाही. आपले ज्ञान देवाने आपणांस फुकट दिले आहे, तेव्हा त्याची किंमत आपण कशी घ्यावी, असा त्यांचा विचार असे. पत्र लिहून विचारणाऱ्यास ते बहुधा मोबदल्यावाचूनच सल्ला देत. पगाराच्या हुंड्या त्यांच्या खणात न वटविता पडून राहत. कपड्यांस ठिगळे असत, पण कोटास ताजे फूल खोचलेले असे. १९०७ सालापासून पुढे सुमारे तीस वर्षे ते दर रविवारी विद्यार्थ्यांचा पवित्र शास्त्राचा वर्ग घेत, आणि पहाटे उठून रानात जात. तेथेच परमेश्वर आपणांशी बोलतो, असा त्यांचा अनुभव होता. हिंदुस्थानाशीही त्यांचा संबंध आला होता. महात्मा गांधींचे ख्रिस्ती स्नेही चार्ल्स अँड्रूज हे १९२९ च्या सुमारास टस्कीगीस गेले होते. पुढे गांधीजींच्या आहाराविषयी कार्व्हर यांनी त्यांस सूचना पाठविल्या.

थोरांचे चरित्र सांगताना त्यांचे सर्वच निर्दोष होते असे सांगण्याचा मोह होतो. पण सत्य त्याहून अधिक शिकविते. शेंगदाण्याचे लोणी कार्व्हर यांनी शोधले, असे पुष्कळ सांगतात. ते खरे नाही. त्याहून मोठी गोष्ट अशी की, आपल्या शेकडो पदार्थांची व रंगांची नेमकी मापे त्यांनी बहुतेक लिहूनच ठेवली नाहीत. प्रदर्शनात काचेच्या बरण्या ओळीने मांडलेल्या असत. परंतु बरणीत काय, किती व कोणत्या क्रमाने घातले, हे पुष्कळदा त्यांच्या डोक्यातच राहिले. रंगांपुरते पाहिले तर छापलेली पत्रिका व दोन हक्कपत्रे एवढ्यांत जे उतरले तेच नक्की उरले. ज्याने आपले ज्ञान सर्वांस मोकळेपणे वाटले, त्याच्याच ज्ञानाचा बराच भाग त्याच्याबरोबर मातीत गेला. देण्याची इच्छा असणे पुरत नाही. घेणाऱ्याच्या हाती ते सुखरूप पडेल अशी तजवीजही करावी लागते.

आपली बहुतेक सर्व शिल्लक, सुमारे ६० हजार डॉलर, त्यांनी टस्कीगी येथील संग्रहालय व संशोधननिधी यांस देऊन टाकली. ५ जानेवारी १९४३ रोजी त्यांचे देहावसान झाले, आणि बुकर वॉशिंग्टन यांच्या शेजारी त्यांस मूठमाती देण्यात आली. त्याच वर्षी जुलै महिन्यात त्यांचे जन्मस्थान राष्ट्रीय स्मारक ठरले. अमेरिकेत कृष्णवर्णीय व्यक्तीस असा मान मिळण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. परंतु १९४७ साली संग्रहालयास आग लागली. तेथील त्यांच्या ४८ चित्रांपैकी तीनच वाचली, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. शिकागोस गेलेले निवडुंगाचे चित्र त्यांपैकी एक होय.

आता पुन्हा आपल्या मुलखाकडे वळू. डहाणू तालुक्यातील गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी भिंतीवरील ही कला कागदावर व कापडावर आणली, आणि ती जगभर गेली. २०११ साली त्यांस पद्मश्री मिळाली. आज आपल्या तालुक्यांतील पुष्कळ कुटुंबे वारली चित्रे विकून संसारास हातभार लावितात. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु कागदावर व कापडावर आता बहुधा बाजारातील तयार पांढरा रंग वापरला जातो, आणि घरेही विटा-सिमेंटची होत चालली आहेत. तयार रंग वापरू नये, असे आमचे म्हणणे नाही. ज्यास पोट आहे त्यास सोय पाहावी लागते, आणि गरिबाने केवळ आमच्या हौसेखातर पाट्यावर तांदूळ वाटीत बसावे असे सांगण्याचा आम्हास अधिकार नाही. मात्र भिंत गेली, आजी गेली, आणि तिचे माप कोणी लिहून घेतले नाही, तर टस्कीगीच्या बरण्यांची जी गत झाली तीच आपल्या घरच्या रंगांची होईल.

म्हणून आमच्या चित्रकलेच्या वर्गात आता एक नवी वही आहे. सुटीहून परत येताना प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावची मूठभर माती पुडीत बांधून आणावयाची, आणि घरी आजीस किंवा आईस विचारून एक कृती लिहून आणावयाची. तांदूळ किती, पाणी किती, डिंक कोणत्या झाडाचा, गेरू कोठला, काडी कशाची, हे सर्व त्या वहीत यावयाचे. सांगणारीचे नावही यावयाचे, कारण शोध तिचा आहे. वर्गात ती माती आम्ही पाण्यात निवळतो, वाळवितो, खलतो, आणि तिच्यातून जो रंग निघेल त्याने चित्र काढतो. काही पुड्यांतून चांगला रंग निघाला, काहींतून नुसता चिखल. तोही आम्ही वहीत तसाच नोंदविला. पालकांस आमची विनंती एवढीच की, मुलांनी विचारले तर त्यांस कंटाळून परतवू नये. हातचे काम दोन मिनिटे थांबवून त्यांस माप सांगावे.

ज्या मुलाने त्या दिवशी रंगांची पेटी आणली नव्हती, त्याने या वहीत पहिली कृती लिहिली. ती त्याच्या आजीची आहे. तिला अक्षरओळख नाही. तेव्हा तिने ओंजळीने माप दाखविले, आणि नातवाने ती ओंजळ वाटीने मोजून आकडा लिहिला. देवबापाने मातीत जो रंग ठेवला आहे, तो सर्वांचा आहे. पण तो काढणाऱ्या हातांस मान देणे आणि त्यांची विद्या पुढील पिढीसाठी जपून ठेवणे, हे काम त्याने आपल्यावर सोपविले आहे.